मधे तोटी नसलेली तार

तालुक्याच्या वार्ताहराने पाठवलेली बातमी चार ओळींची होती. शिरूर कासार येथील संगणक दुरुस्ती व्यावसायिक गुरुलिंग तोडकर यांचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन, पश्चात पत्नी, एक मुलगी, दोन भाऊ, सकाळी दहा वाजता समाधी. जिल्हा पानावर निधनवार्तेला जेवढी जागा असते तेवढ्यात ती बसत होती. तीस वर्षे मी अशा बातम्या बसवत आलो आहे. नाव, वय, गाव, पश्चात कोण आणि वेळ एवढे बरोबर असले की झाले. या बातमीत एकच शब्द खटकला, ‘दुरुस्ती’. तो काढून दुसरा घालावा म्हणून मी पेन थांबवला आणि मग लक्षात आले, की गुरुलिंग जे काम करायचा त्याला वाचकाला चटकन कळेल असा शब्द माझ्याकडे नाही. पान सुटायची वेळ झाली होती. शब्द तसाच गेला. महिना उलटून गेल्यावर हे लिहितो आहे ते त्या राहून गेलेल्या दुरुस्तीसाठी.

आमची ओळख माजलगावची. नव्वदचे दशक संपत आले होते. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो आणि बाजार समितीच्या रस्त्यावर बी-बियाण्याच्या एका दुकानाच्या वर खोली घेऊन राहत होतो. भाडे वाटून घ्यायला कोणी हवे होते. दुकानदाराने गुरुलिंगला वर पाठवले. दोन पिशव्या, एक लोखंडी पेटी आणि खांद्यावर राखाडी केबलचे वेटोळे, असा तो जिना चढून आला. खोली बघण्याआधी त्याने भिंतीवरचा स्विचबोर्ड बघितला, मग तिथून निघालेली वायर डोळ्यांनी छतापर्यंत नेली, तिथून पंख्यापर्यंत, आणि म्हणाला, “ही मधीच कुटंतरी जोडलीय बे. पंखा खरखरत आसंल.” पंखा खरखरत होता. ही त्याची सवय शेवटपर्यंत राहिली. खानावळीत, बँकेत, लग्नाच्या मांडवात, तो आधी वायर कुठून आली आणि कुठे गेली ते बघायचा, मग माणसांकडे वळायचा. नाव गुरुलिंग, पण घरात आणि गावात त्याला सगळे अप्पा म्हणत. पुढे मीही म्हणू लागलो. तो मला ‘बातमीदार’ म्हणायचा. खुशीत असला की नुसतेच ‘बे’.

त्याच्या वडिलांचे शिरूर कासारला किराणा दुकान होते. दिवाळी सरली की त्या तालुक्यातली कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघून जातात. गाव अर्धे रिकामे होते आणि दुकानाची एक फळी चार-पाच महिने उघडायची गरज पडत नाही. अप्पाने औरंगाबादला तंत्रनिकेतनात पदविका घेतली आणि पुण्याच्या एका संगणक कंपनीत दोन वर्षे काढली. त्या वर्षांत संगणक खासगी कचेऱ्यांतून सहकारी संस्थांपर्यंत आले होते, आणि कंपनीने त्याला आपल्याच जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात यंत्रे बसवायला पाठवले. तो आला आणि परत जायचे त्याच्या जिवावर आले. एकदा जेवताना म्हणाला, “समदं गाव कोयता घेऊन जातं. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलतो, येवढाच फरक.” त्याला इथे राहून हेच काम करायचे होते. दुसरे काही त्याने कधी मागितल्याचे मला आठवत नाही. कारखान्याचे कार्यकारी संचालक, ज्यांना सगळे एमडी साहेब म्हणत, त्यांनी त्याला एका हंगामाची मुदत दिली होती. हंगाम नीट पार पडला तर वर्षभराच्या देखभालीचे काम त्याचे. संगणकामुळे गाड्या एकदा जरी अडल्या, तर यंत्रे गोदामात, पुन्हा वह्या आणि अप्पा पुण्याला. पुण्याच्या कंपनीनेही त्याची जागा हंगाम संपेपर्यंतच राखून ठेवली होती.

मुदतीला कारण होते. आदल्या हंगामात कारखान्याने एकच मुख्य संगणक घेतला होता. उसाने भरलेली गाडी फाटकातून आत आली की तिला क्रमांक मिळायचा, आणि त्या क्रमांकानेच ती वजनकाट्यावर आणि पुढे गव्हाणीवर, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकायच्या जागी, जायची. एका सकाळी विजेच्या झटक्याने ते यंत्र गेले आणि त्याच्याबरोबर सगळे क्रमांकही गेले. गाड्यांच्या तळावर गाडी आधी कुणाची यावरून दिवसभर जे झाले त्याची बातमी मीच दिली होती. बैलगाडीवाल्याला क्रमांक म्हणजे काय ते तळावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. ऊस वाळतो, बैल जुवाखाली उभे असतात, आणि पुढची खेप त्या एका आकड्यावर अडलेली असते.

म्हणून या वर्षी दोन मुख्य संगणक ठेवायचे ठरले. एक वजनकाट्याच्या खोलीत, दुसरा मुख्य कार्यालयात. पूर्वेच्या फाटकावरची क्रमांक द्यायची खिडकी पहिल्याला जोडायची आणि पश्चिमेची दुसऱ्याला. एकाने क्रमांक दिला की त्याच क्षणी दुसऱ्याला कळवायचे, म्हणजे तो पुढचा देईल. शिवाय दोघांकडे सगळी माहिती सारखीच राहील आणि एक गेला तरी दुसरा काम चालवील. यंत्रे पुरवणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीचा माणूस म्हणाला, की कार्यालयात फिरवलेली काळी केबल आहेच, तिच्यावर बाकीचे सगळे संगणक आहेत, हे दोघेही तिच्यावरच बोलतील. अप्पा म्हणाला, चालणार नाही. या दोघांना त्यांची स्वतःची तार पाहिजे, दहापट वेगाची, आणि तिच्यावर तिसरे कोणी नको. दोन संगणकांसाठी एवढ्या लांबीची वेगळी तार कशाला, हे बैठकीत कुणाला पटेना. तेव्हा त्याने जे सांगितले ते पुढे कित्येक वर्षे कारखान्यात सांगितले जायचे. तो म्हणाला, “साहेब, काळी केबल म्हंजी कालव्याची चारी हाय. वरचे समदे पाणी घेतेत आन् टेलच्या माणसाला पाळी येईस्तोवर पीक वाळतं. नंबर उशिरा कळला तर दोन्ही खिडक्या एकच नंबर देतेल. ह्या दोघांना सलग पाईपलाईन पायजे. मधे एक बी तोटी नको.” धरणाच्या कालव्यावर शेती असलेल्या संचालकांना हे लगेच कळले. चेअरमन हसून म्हणाले, की मग आमच्या गेस्ट हाऊसला तेवढी एक तोटी काढा. सगळे हसले. अप्पाही हसला.

तार टाकण्याचे काम मी जवळून पाहिले, कारण त्या आठवड्यात माझ्याकडे दुसरी बातमी नव्हती. ती केबल शंभर मीटरच्या पुढे नेली तर भरवशाची राहत नाही. गाळपाच्या इमारतीला वळसा घालून गेले तर अंतर शंभराच्या वर जात होते. सरळ गेले तर मधे गाड्यांचा तळ. अप्पाने ते अंतर तीनदा पावलांनी मोजले, मग टेपने मोजले, आणि पावलांचाच आकडा बरोबर निघाला म्हणून दिवसभर खूश होता. तळाखालून कमरेएवढा खोल चर खणून तुषार सिंचनाचा काळा पाईप टाकायचे ठरले. पाईप टाकणारे गडी इथे गावोगाव आहेत. प्रश्न होता पाईपमधून केबल ओढायची कशी. त्याने तेलगावकडच्या एका गड्याकडून कापसाचा बोळा मागवला, त्याला शिवणाचा दोरा बांधला, बोळा पाईपच्या तोंडात सारला आणि पंक्चरवाल्याच्या हवेच्या पंपाने मागून हवा मारली. बोळा दुसऱ्या टोकाला जमलेल्या लोकांच्या पायांवर येऊन पडला. दोऱ्याला सुतळी, सुतळीला नायलॉनची दोरी, दोरीला केबल. हे सगळे अर्ध्या तासात झाले. कारखान्याचा वायरमन दगडू हे उकिडवा बसून बघत होता. काही विचारत नव्हता, पण नजर हलू देत नव्हता.

केबलच्या एका टोकाला ज्या जागी बोलायची तार, दुसऱ्या टोकाला त्या जागी ऐकायची तार बसवायची असते, म्हणजे एकाचे बोलणे थेट दुसऱ्याच्या कानात जाते. ती टोके त्याने स्वतः बसवली. दोन्ही यंत्रे सुरू झाली, आणि पडद्यावर ओळी सरकू लागल्या. मी विचारले, काय बोलतात ती. अप्पा म्हणाला, दर सेकंदाला एक विचारतो ‘हाय का?’, दुसरा म्हणतो ‘हाय’. मधे नंबर सांगायचा असला तर सांगतो, मग पुन्हा ‘हाय का?’ उत्तर आले नाही, तर समजायचे की दुसरा गेला आणि आता सगळे आपल्यालाच बघायचे आहे. मी म्हणालो, एवढ्यासाठी तळ उकरला. तो म्हणाला, “तुमी बातमीदार दिवसभर यापेक्षा जास्त काय बोलता बे, सांग.”

तार चालली. मोळी टाकून हंगाम सुरू झाला, गाड्या येत राहिल्या, दोन्ही खिडक्या एकापुढे एक क्रमांक देत राहिल्या. अप्पा रोज सकाळी रेडिओवर बातम्यांआधी जे ठोके पडतात त्यावर दोन्ही यंत्रांची घड्याळे लावायचा. त्याची गरज नाही, एक यंत्र दुसऱ्याची वेळ घेऊ शकते, हे त्यानेच मला सांगितले होते. मग तू का लावतोस, असे विचारल्यावर म्हणाला, दोघेही चुकीची वेळ एकमताने सांगतील त्यापेक्षा बरे. सात-आठ आठवडे असे गेले. शिरूरहून वडिलांचा निरोप आला, की पुढच्या दिवाळीला तू इथेच असशील तर मुली बघायला घेतो. अप्पाने हंगाम सरू द्या, असे कळवले.

ज्या दिवशी ते झाले त्या सकाळी मी साडेआठला कारखान्यावर पोचलो. फाटकाबाहेरपर्यंत गाड्यांची रांग होती आणि काटा बंद होता. गव्हाणीच्या तोंडाशी दोन गाड्या आडव्या लागल्या होत्या. दोन्ही गाडीवानांच्या हातात दोनशे सतराची चिठ्ठी होती. दोन्ही चिठ्ठ्या खऱ्या होत्या, दोन्हींवर शिक्का होता. थोड्या वेळात कळले, की दोनशे सतराच नव्हे, पहाटेपासूनचे सत्तरएक क्रमांक दोनदोनदा दिले गेले आहेत. एमडी साहेब कार्यालयाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी अप्पाला एवढेच सांगितले, की अकरा वाजेपर्यंत गव्हाण सुरू झाली नाही तर मी वह्या काढायला सांगतो. वह्या काढणे म्हणजे काय, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होते.

अप्पाने आधी पश्चिमेची खिडकी बंद केली, म्हणजे आणखी दुहेरी क्रमांक निघणार नाहीत. मग तो यंत्राकडे बसला नाही; तळावर उतरला आणि पाईप गेला होता त्या रेषेवर, गाड्यांच्या मधून, बैलांना हाताने सारत, खाली बघत चालू लागला. निम्म्यावर, जिथे गेस्ट हाऊसचे कुंपण तळाला लागते, तिथे माती नवी होती आणि तिच्यावर एक वीट ठेवलेली होती. कुंपणाच्या आत व्हरांड्यात सहा भोकांचा एक छोटा डबा भिंतीला लावलेला होता. काट्याकडून आलेली केबल त्यात, कार्यालयाकडे जाणारी त्यात, आणि तिसरी केबल आतल्या खोलीत चेअरमनसाहेबांच्या टेबलावरच्या नव्या संगणकाला. दिवसाचे गाळप बसल्या जागी बघता यावे, आणि तेही सगळ्यांत वेगवान तारेवर, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी ती सोय झाली होती. काम इतके नीट होते की इतके दिवस कुणाला पत्ता लागला नाही. त्या सकाळी गेस्ट हाऊसला पाहुणे होते. कुणीतरी दोन्ही गिझर एकदम लावले, बंगल्याची वीज गेली, डबा बंद पडला. काट्यावरच्या यंत्राने विचारले, उत्तर आले नाही. कार्यालयातल्या यंत्राने विचारले, उत्तर आले नाही. दोघांनीही समजून घेतले की दुसरा गेला, आणि दोघेही एकटे एकटे, मन लावून, तेच ते क्रमांक देत राहिले.

वीज आली, तार पुन्हा जोडली गेली, पण दिलेल्या चिठ्ठ्या परत घेता येत नव्हत्या. अप्पाने दोन्ही यंत्रांतून छापील याद्या काढल्या. प्रत्येक चिठ्ठीपुढे ती दिल्याची वेळ सेकंदापर्यंत होती, आणि दोन्ही घड्याळे रोज रेडिओवर लावलेली असायची. दोन याद्यांची वेळेनुसार एक यादी करायची होती. संगणकाकडून करून घ्यायला जितका वेळ लागला असता तितका नव्हता. मी म्हणालो, आम्ही मुद्रितं तपासतो तसे करू, एकाने वाचायचे, दुसऱ्याने खूण करायची. काट्याच्या खोलीत उभ्या उभ्या आम्ही ते केले. मी वेळा वाचत होतो, तो लाल पेनाने नवा क्रमांक घालत होता. त्याचे अक्षर फार वाईट होते. दोन ठिकाणी त्याचे त्यालाच लागले नाही.

यादी घेऊन तो काट्याच्या ओट्यावर चढला. खाली दीडशे गाडीवान होते, बरेचसे शिरूर तालुक्यातले, त्यांच्या हातात चिठ्ठ्या होत्या आणि काहींच्या हातात उसाची टिपरे. आसाराम मुकादम पुढे होता. त्याच्या टोळीच्या अठरा गाड्या होत्या आणि तळावर त्याचा शब्द चालायचा. संगणकाने एकदा खोटे सांगितले, आता तो खरे सांगतो हे कशावरून, असे त्याने विचारले. विचारणे रास्त होते. अप्पाने यादीत बघितले आणि म्हणाला, “मुकादम, तुमची गाडी सहा एकवीसला आली. कागद मी खाली धरतो. त्या टायमाला फाटकावर तुमच्या मागं कोण व्हतं, ते तुमीच सांगा.”

मुकादमाने मागे वळून बघितले. मग त्याने तांबड्या बैलांच्या एका गाडीकडे बोट केले. अप्पाने त्या गाडीवानाची चिठ्ठी मागून घेतली, तिचा आकडा वाचला आणि कागद मुकादमाच्या पुढे केला. मुकादमाला वाचता येत नव्हते. त्याने तो शेजारच्या पोराकडे नाही, माझ्याकडे दिला, कारण मी कारखान्याचा नव्हतो. सहा एकवीसच्या खाली सहा बावीस होते आणि त्याच्यापुढे तोच आकडा. मुकादमाने आणखी दोघांना उभे करून असेच विचारले. दोन्ही वेळा कागद आणि माणसे जुळली. मग तो गाडीवानांकडे तोंड करून म्हणाला, “गाड्या काढा. ह्यो म्हणतो तसं लावा.” अकराला पाच मिनिटे कमी असताना गव्हाण सुरू झाली. ही वेळ मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवली होती.

दुपारच्या बैठकीत मी नव्हतो. अप्पाने आणि पुढे एमडी साहेबांनी मला ती वेगवेगळी सांगितली, आणि दोन्ही हकिकती सारख्या आहेत. साहेबांनी विचारले, डबा कुणी लावला. दगडू वायरमन भिंतीशी उभा होता. त्याला तसे करायला कुणी सांगितले हे सर्वांना ठाऊक होते आणि ते नाव त्या खोलीत कुणी घेणार नव्हते, म्हणजे दगडूची नोकरी जाणार होती. स्वतःची बाजू मांडायला अप्पाजवळ सगळे होते. बैठकीत त्याने काय सांगितले होते ते इतिवृत्तात होते. तो म्हणाला, “साहेब, चूक माझी हाय. आपल्याकडं पाईपलाईन गेली की तोटी निघतीच. हे पुण्याच्या माणसाला म्हाईत नसंल. मी इथलाच हाय, मला म्हाईत असाय पायजे व्हतं.” एकच तार तुटल्याने दुसरा मेला असे यंत्रांनी समजावे, ही रचनाच त्याने चुकीची केली होती, असे त्याचे म्हणणे होते. तार गेली तर काळ्या केबलवरून आणखी एकदा विचारून बघायचे आणि तरीही शंका राहिली तर कार्यालयातल्या यंत्राने गप्प बसायचे, क्रमांक फक्त काट्याने द्यायचे, एवढे आधीच करायला हवे होते. ते तो संध्याकाळपर्यंत करून देणार होता. आणि गेस्ट हाऊसला गाळप बघायला वेगळी जोडणी तो स्वतः देणार होता, चारीवरची. साहेब म्हणाले, दगडूला बरोबर घे, त्याचे जोडकाम चांगले आहे.

दुसऱ्या दिवशी माझी बातमी आली, ‘संगणकातील बिघाडामुळे गाळप तीन तास ठप्प’. गेस्ट हाऊसचा उल्लेख तिच्यात नव्हता. मला सगळे माहीत होते, आणि कुणाच्या तोंडून छापू असा प्रश्न होता, हे खरे. ज्याच्या कामाला ‘बिघाड’ हा शब्द लागला होता तो माझ्याच खोलीत झोपत होता, हेही तितकेच खरे. त्याने चहा पिता पिता बातमी वाचली, घडी घातली आणि म्हणाला, “बिघाड संगणकात न्हवता बे, गिझरात व्हता. पण गिझरावर तीन कॉलम तुला कोण देतंय.” पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. माझ्या वाट्याला आलेली ती एकमेव तक्रार.

हंगाम पुन्हा न अडता संपला. देखभालीचे काम त्याला मिळाले. पुण्याच्या कंपनीचे पत्र आले, त्याला त्याने दोन ओळींचे उत्तर लिहिले आणि माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घेतले. पुढच्या वर्षी तेलगावजवळच्या महानंदाशी त्याचे लग्न झाले आणि तो शिरूरला राहायला गेला. जिनिंग मिल, पतसंस्था, रुग्णालय, दूध संघ, जिल्ह्यात जिथे जिथे दोन यंत्रांनी एकमेकांना धरून चालायचे होते तिथे तो जाऊ लागला, बहुतेक वेळा दगडूला घेऊन. दोन यंत्रांमधली तार तो सलगच टाकायचा. पण त्याआधी तिथले सर्वांत वजनदार माणूस कुठे बसते ते विचारून घ्यायचा आणि त्यांच्या टेबलामागे एक देखणी, चकचकीत जोडणी स्वतःहून बसवून द्यायचा. ती सर्वांच्या सामाईक केबलवर असायची. दगडू तिला ‘साहेबाची तोटी’ म्हणायचा. एका रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मला अभिमानाने सांगितले होते, की तोडकरांनी मला खास लाईन दिली आहे. मी ते अप्पाला सांगितले तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

त्याच्या वाईट अक्षरावर उपाय महानंदावहिनींनी काढला. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना बांधायच्या पट्ट्या त्या लिहायच्या. मग जागेजागेच्या जोडण्यांच्या वह्याही त्यांच्याकडे गेल्या. फोन आला की अप्पा घरभर फिरत मोठ्याने बोलायचा. कोणता दिवा लागलाय, हिरवा का पिवळा, आधी हे करा, मग ते, यंत्र बंद करू नका. वीस-बावीस वर्षे ते बोलणे स्वयंपाकघरात ऐकू जात होते. एकदा मी जेवायला असताना तो मला सांगत होता, की शंका आली तर एकाने गप्प बसायचे हे आधीच ठरवून ठेवावे लागते. वहिनी भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, “आमच्या घरात ते ठरलंय. यांना अजून कुणी सांगितलं न्हाई.”

परवा शिरूरला जाऊन आलो. दुकानाच्या अंगाला त्याची कामाची खोली आहे. मुलगी औरंगाबादला परीक्षेसाठी गेली होती. वहिनी एकट्याच होत्या. आम्ही अप्पाविषयी बोलत होतो. भिंतींवर टांगलेल्या केबलच्या पट्ट्या आणि फळीवरच्या वह्या, सगळे वहिनींच्या अक्षरात होते. तेवढ्यात फोन वाजला. तेलगावकडच्या एका जिनिंग मिलचा व्यवस्थापक होता. वहिनींनी फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि फळीवरून एक वही काढली. पलीकडचा माणूस आधी अप्पांविषयी दोन शब्द बोलला, मग अडखळत म्हणाला, की दोन्ही मशिनींचे आकडे सकाळपासून जुळत नाहीत. वहिनींनी विचारले, मागच्या बाजूला दिवा कोणता लागलाय. तो म्हणाला, कोणताच नाही. त्यांनी वहीत बोट ठेवून सांगितले, की ऑफिसातल्या मशिनीची खिडकी आधी बंद करा, यंत्र बंद करू नका, आणि भिंतीच्या कडेने केबल बघत या, कुठे नवे भोक पाडलेले दिसते का. मिनिटभर पावलांचा आवाज आला. मग तो म्हणाला, एसी बसवताना एका ठिकाणी भिंत फोडलीय खरी, केबल चेपलीय, बदलावी लागेल. शेवटी त्याने विचारले, की वहिनी, आता पुण्याहून माणूस बोलवावा लागेल का.

वहिनींनी वही मिटली.

“पुण्याहून कावून?” त्या म्हणाल्या. “दगडूभाऊला घेऊन उद्या मीच येते की.”